मदत हवी आहे : आईला घरबसल्या तिच्या नृत्यवर्गात बसवायचं आहे (व्हीआर हेडसेट आणि ३६० कॅमेरा)

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझी आई सोलापुरात ३१ वर्षं भरतनाट्यम शिकवतेय. मागच्या वर्षी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिने बंद केले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आता तिच्या दोन मोठ्या विद्यार्थिनी वर्ग सांभाळतात आणि आई जुळे सोलापुरातल्या घरून व्हिडिओ कॉलवर बघते. त्यात तिचं समाधान होत नाही. परवा म्हणाली, "आठ मुलींत कुणाची अरमंडी सुटतेय ते मला शोधायचं असतं. तुम्ही फोन जिकडे धराल तिकडेच मी बघायचं, असं शिकवता येत नाही गं." (अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं.)

हे ऐकल्यावर व्हीआर डोक्यात आलं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावला की आपण तिथेच आहोत असं वाटायला लावणारं तंत्र. मान वळवेल तिकडचं तिला दिसायला हवं, एवढीच माझी गरज आहे.

ओळखीतून हेडसेट आणि चहूबाजूंचं एकदम टिपणारा दोन भिंगांचा ३६० कॅमेरा आठवडाभर मिळाला. वर्गाच्या मधोमध पाच फुटी स्टँडवर कॅमेरा ठेवला, मुली भोवती गोल उभ्या राहिल्या, अर्धा तास अडवु (नृत्यातल्या मूळ हालचाली) केले. संध्याकाळी आईला हेडसेट लावला. दोन मिनिटं ती गप्प होती. मग मान उजवीकडे वळवून एकदम म्हणाली, "गुडघे बाहेर! बाहेर काढ!" चित्रीकरण आहे हे ती विसरलीच होती. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकला, म्हणून हे अर्धवट सोडायचं नाही असं ठरवलंय.

पण अडचणी बऱ्याच निघाल्या. एक म्हणजे उंची. आई वर्गात जमिनीवर बसून लाकडी फळीवर काठीने ताल धरते, आणि इथे तिला स्टुलावर उभं राहून मुलींच्या डोक्यांकडे बघितल्यासारखं वाटलं. दुसरी गोष्ट हातांची. कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीने हात पुढे केला की पताक हस्ताची (सपाट तळव्याच्या मुद्रेची) बोटं मधेच कापल्यासारखी दिसतात, कधी मनगट दोनदा दिसतं. हस्तच नीट दिसत नसेल तर आई सुधारणार काय? पावलंही धूसर आहेत. चित्रीकरण ४के आहे, तरी फोनपेक्षा वाईट का दिसावं हे कळत नाही.

सगळ्यात जास्त ती आवाजावर नाराज आहे. ब्लूटूथ इयरफोन लावले होते. पाय आधी पडतो आणि काठीचा ठोका मागून येतो. आम्हाला कुणाला जाणवलं नव्हतं, तिने पहिल्या तट्ट अडवुलाच पकडलं. आणि दहा मिनिटांनी मळमळायला लागलं.

हेडसेट परत केलाय. विकत घ्यायचा तर मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ की ३एस? ३६० कॅमेराच घ्यावा की दुसरं काही? डिसेंबरमध्ये हुतात्मा स्मृती मंदिरात एका मुलीचं अरंगेत्रम (पहिला जाहीर एकल कार्यक्रम) आहे, त्याआधी हे बसवायचंय. मुलगी पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. तेलुगू पदम (अभिनयाची गाणी) शिकताना बाकीच्यांना शब्दांचे अर्थ तीच सांगायची. आईचा तिच्यावर फार जीव आहे.

प्रतिसाद १

ताई, बोटं कापली जातात ती जोडरेषेवर. दोन्ही भिंगांमध्ये थोडं अंतर असतं, त्यामुळे जवळची वस्तू दोघांना वेगवेगळ्या जागी दिसते आणि चित्रं जुळवताना तुकडा पडतो. लांबच्या वस्तूला हा त्रास जवळजवळ नसतो. मुलींना गोल उभं करू नका. एक भिंग सरळ त्यांच्याकडे करा आणि दीड-दोन मीटर अंतर ठेवा, म्हणजे जोडरेषा बाजूच्या भिंतींवर जाईल.

धूसरपणाचं गणित असं : ४के म्हणजे आडवे ३८४० बिंदू, पण ते पूर्ण ३६० अंशांत वाटले जातात. डोळ्यांपुढे एका वेळी साधारण ९० अंश येतात, म्हणजे जेमतेम ९६० बिंदू. आईंच्या पाठीमागे भिंतच असणार, मग तिथे बिंदू कशाला घालवायचे? १८० अंशांचा त्रिमितीय कॅमेरा बघा. त्यात दोन्ही भिंगं पुढेच असतात, त्यामुळे खोलीही कळते. कुणाचा पाय पुढे पडला, कुणाचा मागे, हे साध्या ३६० मध्ये नीट कळणार नाही. सेकंदाला ६० फ्रेम ठेवा. ट्यूबलाइट असतील तर शटर १/१०० सेकंदावर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने लुकलुक दिसणार नाही.

हेडसेट क्वेस्ट ३ घ्या. भिंगं जास्त स्वच्छ आहेत, डोळ्यांमधलं अंतर चाकाने बारीक जुळवता येतं आणि वायरच्या इयरफोनला जागा आहे. ३एसला ती नाही. वायरने ठोका वेळेवर येईल.

प्रतिसाद २

मळमळीबद्दल. अशा चित्रीकरणात मान वळवलेली चालते, पण पुढे झुकलं की चित्र जागचं हलत नाही. कानातल्या तोलाला हालचाल कळते, डोळ्यांना कळत नाही, म्हणून मळमळतं. काकू पावलं बघायला झुकल्या असतील. पाठ टेकून, चाकं नसलेल्या खुर्चीत बसवा. सुरुवातीला पाचच मिनिटं, आणि त्रास झाला की लगेच काढा, सवय होईल म्हणून रेटू नका. हेडसेट अर्धा किलोचा असतो, मणक्याचं ऑपरेशन झालंय तर डॉक्टरांना आधी विचारा. चष्मा लांबचा लावायचा, जवळचा नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हो, ती झुकतच होती. तिची सवयच ती, पावलं बघायची तर फळीवरून पुढे वाकायचं.

मघाशी आईच्या बैठकीची उंची मोजून घेतली. आईला भिंतीला टेकून बसवलं आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप लावली, २९ इंच भरले. कॅमेरा आता तेवढ्याच उंचीवर, तिच्या फळीमागे ठेवणार. मुलींना सांगितलंय की तिथे बाई बसल्यात असं समजून नमस्कार करून सुरू करा.

डॉक्टरांची वेळ शुक्रवारची आहे. १८० चा त्रिमितीय कॅमेरा सोलापुरात किंवा पुण्यात दोन दिवस भाड्याने मिळत असेल तर कृपया कळवा, विकत घेण्याआधी एकदा तिला दाखवून बघायचंय.