स्कूबाच्या वैद्यकीय फॉर्मवर सही हवी आहे, पुढच्या आठवड्यात अंदमानला निघायचे आहे

सागरगोटा:
नमस्कार. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स) पूर्ण करण्यासाठी पुढच्या आठवड्यात निघायचे आहे. तलावातले सराव मुंबईतच झाले आहेत. डायव्ह सेंटरने पाठवलेल्या वैद्यकीय प्रश्नावलीत माझे एक उत्तर ‘होय’ असल्यामुळे ते डॉक्टरांची सही मागत आहेत आणि आमचे फॅमिली डॉक्टर ‘हा माझा विषय नाही’ असे सांगून सही करत नाहीत. दादर ते अंधेरीच्या दरम्यान अशी सही देणारे डॉक्टर कुणाला ठाऊक असतील तर कृपया लगेच कळवावे.

गिरगावकर:
कोणत्या प्रश्नाला ‘होय’ आले, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. त्यांतल्या काहींना ‘होय’ म्हटले तर थेट डॉक्टरांकडे जावे लागते, पण बाकीच्यांसाठी दुसऱ्या पानावरच्या चौकटीतले उपप्रश्न वाचायचे असतात आणि तिथे सगळीकडे ‘नाही’ असेल तर सहीची गरजच राहत नाही. कान, हृदय, फुप्फुस, नेमके काय आहे?

पश्चिमवारा:
इतका विचार कशाला करता? सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे व्हा. मालवणला मी डाइव्ह केली तेव्हा एका कागदावर सही घेतली आणि लगेच पाण्यात उतरवले.

सागरगोटा:
दमा. लहानपणी होता. सही देणाऱ्या डॉक्टरांविषयी कुणी सांगू शकेल का?

मीठागर:
मी काही वर्षे डाइव्ह मास्टर, म्हणजे डाइव्हवर लोकांना नेणारा वाटाड्या, म्हणून काम केले आहे, म्हणून पश्चिमवारा यांच्या सल्ल्याला स्पष्ट विरोध नोंदवतो. पाण्याखाली आपण भोवतालच्या दाबाइतक्या दाबाची हवा श्वासात घेतो. दहा मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे फुप्फुसात अडकलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. निरोगी माणूस श्वास सोडत वर येतो आणि ती हवा निघून जाते, परंतु दम्यामुळे आकुंचन पावलेल्या श्वासनलिकांच्या मागे हवा कोंडली तर फुप्फुसातले वायुकोश फाटून हवेचे बुडबुडे रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. शिवाय सिलिंडरची हवा कोरडी आणि थंड असते, प्रवाहाविरुद्ध पोहताना दम लागतो, तोंडात खारे पाणी जाते. दमा उफाळण्याची सगळी कारणे तिथे एकत्र असतात.

पश्चिमवारा:
नवशिक्यांना फार खोल नेतच नाहीत. मालवणला तर सात-आठ मीटरच होते.

मीठागर:
उथळ म्हणजे सुरक्षित, हा समज धोक्याचा आहे. तीस मीटरवरून वीस मीटरवर येताना हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते, पण शेवटच्या दहा मीटरमध्ये ती दुप्पट होते. पूर्ण भरलेल्या छातीने श्वास रोखून दीड मीटरवरून वर आले तरी इजा होऊ शकते.

रेवदंडा:
परतीच्या विमानाकडे लक्ष द्या. एकाहून अधिक डाइव्ह केल्यास विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य संकेत आहे.

कांदळवन:
मालवणचा विषय निघालाच आहे, तर अंदमानचा हट्ट तरी कशासाठी? मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथेही प्रवाळ आहेत. अंदमानचे प्रवाळ २०१० मध्ये समुद्र तापल्यामुळे मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. कुठेही जा, पण प्रवाळाला हात लावू नका आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलू नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

गिरगावकर:
मूळ प्रश्नाकडे वळू या. सागरगोटा, दुसऱ्या पानावर दम्याविषयी जे विचारले आहे ते गेल्या १२ महिन्यांपुरते आहे, आणि त्यामुळे व्यायामावर किंवा हालचालींवर मर्यादा आली का, असे विचारले आहे. शेवटचा त्रास केव्हा झाला? पंप (इनहेलर) अजून घेता का?

सागरगोटा:
रोज घेत नाही. गेल्या पावसाळ्यात घरात ओल आली होती तेव्हा काही आठवडे घेतला. जिना चढताना धाप लागत असे. दिवाळीनंतर पंप एकदाही लागलेला नाही.

मीठागर:
मग ‘लहानपणी होता’ एवढे पुरेसे नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी सही नाकारली ते योग्यच केले. आता सही देणाऱ्याचा शोध थांबवून छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे जा. त्यांना स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी) करायला सांगा आणि व्यायामानंतर फुंकण्याची क्षमता किती घटते, हेही तपासायला सांगा. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक माहितीही उपलब्ध असते. ती छापून न्या, कारण अनेक डॉक्टरांनी हा फॉर्म पूर्वी पाहिलेला नसतो. थंडीने किंवा श्रमाने दमा उफाळत असेल तर ब्रिटनमधले डायव्हिंगचे डॉक्टर परवानगी देत नाहीत. तसे नसले, तरी आधीच्या ४८ तासांत आराम देणारा पंप घ्यावा लागला असेल तर पाण्यात उतरू नये, असे ते सांगतात.

सागरगोटा:
गुरुवारी सकाळी माहीमच्या एका तज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. त्यांनी नकार दिला तर कोर्स सोडून देईन, पण बरोबरची मंडळी जाणारच आहेत. अशा वेळी मला तिथे प्रवाळ पाहता येतील का?

रेवदंडा:
स्वराज द्वीपावरच्याच एलिफंट बीचला उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग करता येते आणि प्रवाळ वरूनही दिसतात. पृष्ठभागावर तरंगत श्वास घेतल्यास कोंडलेली हवा फुगण्याचा प्रश्न येत नाही. दमा मात्र तिथेही उफाळू शकतो, तेव्हा हेही त्याच डॉक्टरांना विचारा आणि पंप होडीत हाताशी ठेवा.

मीठागर:
सही मिळाली तर फॉर्मचा फोटो निघण्यापूर्वीच सेंटरला ईमेलने पाठवा आणि मूळ कागद बरोबर न्या. त्यावर डॉक्टरांची सही व तारीख असायला हवी. अहवालात काय आले, ते इथे नक्की लिहा.