‘बोट’ इंग्रजीतून आली, पण इंग्रजीत कुठून?

खाडीकाठ (देवगड)
बंदरावरच्या शब्दांची यादी करताना ‘बोट’पाशी अडलोय. इंग्रजी, डच, जर्मन, स्वीडिश, चारही भाषांत उच्चार जवळजवळ एकच: बोट. मग या चौघींना हा शब्द मूळ जर्मॅनिक भाषेकडून वारशाने मिळाला, असं लिहिलं तर चालेल का? आपल्याकडच्या ‘बतेला’ या गलबताच्या नावाचा याच्याशी काही संबंध? आणि हाताच्या बोटाचा?

सुरंगी
तसं लिहू नका. चौघी इतक्या सारख्या दिसतात, तिथेच संशय घ्यायचा.

तपासायचं कसं, तर सांगाडा तोच असलेला, पण नक्की वारशातला शब्द शेजारी ठेवायचा. इथे शेळी कामाला येते. जुन्या इंग्रजीत शेळी म्हणजे ‘गाट’ आणि होडी म्हणजे ‘बाट’. या गाटचं पुढे काय झालं बघा: इंग्रजी गोट, जर्मन गाइस, डच खेइट, स्वीडिश येट. हजार-दीड हजार वर्षं वेगळं नांदल्यावर सख्ख्या बहिणी अशा दिसतात. त्याच चालीने बाटचं जर्मनमध्ये ‘बाइस’ आणि स्वीडिशमध्ये ‘बेट’ व्हायला हवं होतं. तसं झालेलं नाही.

जर्मनमधला शेवटचा ट तर उघडच परका आहे. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत स्वरानंतरच्या ट चा स झाला: वॉटर–वासर, ईट–एसन. हा बदल होऊन गेल्यावर जो शब्द आत आला, त्याचा ट शाबूत राहिला. ‘बोट’ उत्तरेच्या किनारी बोलींतून खाली उतरली, म्हणून ट घेऊन आली.

वारशातलं रूप अगदीच हरवलं असंही नाही. जुन्या नॉर्स (स्वीडिश, आइसलँडिक यांची पूर्वज भाषा) काव्यात जहाजासाठी ‘बेइट’ सापडतं. नॉर्समध्ये शेळी म्हणजे ‘गेइट’, त्यामुळे गाट–गेइट या जोडीशी ते चोख जुळतं. रोजच्या बोलण्यात मात्र इंग्रजांकडून घेतलेलं ‘बाट्र’ रुजलं. समुद्रावर माणसं एकमेकांच्या होड्या बघतात, तेव्हा नावंही उचलतात.

दर्यावर्दी
सुरंगीताईंशी सहमत. स्वरावरून उसनवारीचा काळही लागतो, तो तुमच्या यादीत यायला हवा.

दक्षिण इंग्लंडात साधारण १२०० च्या आसपास दीर्घ आ चा ओ होत गेला: स्टान–स्टोन, गाट–गोट, बाट–बोट. नॉर्स लोकांनी शब्द त्याआधी उचलला, म्हणून त्यांच्याकडे आ. जुन्या फ्रेंचमधल्या ‘बातेल’मध्येही (आजचं बातो) जुनाच आ. डचांनी तो नंतर घेतला, म्हणून तिथे ओ.

इथे एक चूक हमखास होते. स्वीडिशमध्येही ओ ऐकू येतो, म्हणून तीही उसनवारी उशिराची धरली जाते. ते खरं नाही. स्वीडिशमध्ये जुना दीर्घ आ आपोआपच ओ झाला आहे. आइसलँडिकमध्ये वर्ष आणि होडी या दोन्ही शब्दांत तोच दीर्घ आ लिहितात, आणि स्वीडिशमध्ये दोन्हींत ओ बोलतात. म्हणजे शब्द आ घेऊनच आला, ओ घरी झाला. स्वर दिसला की लगेच तारीख लावायची नाही, आधी त्या भाषेत त्या स्वराचं काय झालं ते बघायचं.

आता बतेला. जुनी इंग्रजी बाट, तिला ‘लहान’ अर्थाचा प्रत्यय लागून जुनी फ्रेंच बातेल, तिथून पोर्तुगीज बातेल, आणि मग आपला बतेला. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती, तेव्हा शब्द यायला वाट मोकळीच होती. पोर्तुगीज बातेल म्हणजे मोठ्या जहाजाबरोबरची छोटी होडी. आपला बतेला मात्र चांगलं मालवाहू गलबत.

तेव्हा एकच शब्द कोकण किनाऱ्याला दोनदा लागला. ‘बतेला’तला अ हा त्या जुन्या आ चा वारस, ‘बोट’मधला ओ त्यानंतरचा. मला याचं फार अप्रूप वाटतं.

वेंगुर्लेकर
मागची बाजू मांडतो. मूळ जर्मॅनिक रूप ‘बाइट-’ असं धरतात आणि ते ‘फोडणे, चिरणे’ या अर्थाच्या धातूकडे नेतात. संस्कृतात तोच भिद्. भ चा ब, द चा ट हे नेहमीचे बदल. त्यामुळे आपला ‘भेद’ आणि त्यांचा ‘बाट’ अक्षराला अक्षर जुळतात. इंग्रजी बाइट (चावणे) त्याच धातूचं, आणि जर्मनमध्ये ते बाइसन: घ्या, इथे स हजर आहे. अर्थाचा दुवा असा की पहिली होडी म्हणजे फोडून, कोरून पोकळ केलेलं खोड. ही व्युत्पत्ती बहुतेकांना पटते, तरी यादीत ‘मानतात’ असंच लिहा. खोड कोरून, बाजूला उलांडी (तोल सांभाळणारं लाकूड) बांधून केलेली होडी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला वेगळं समजवावं लागणार नाही.

हाताच्या बोटाशी नातं नाही. ते बोट, बोटाला, बोटं. ती बोट, बोटीला, बोटी. लिंग वेगळं, सामान्यरूप वेगळं. होडी आणि नाव स्त्रीलिंगी, त्यांच्या पंगतीला ही बसली. जर्मनमध्ये हीच नपुंसकलिंगी, आइसलँडिकमध्ये पुल्लिंगी.

अर्थाचाही एक रकाना ठेवा. इंग्रजीत बोट लहान, शिप मोठं. मराठीत उलटं झालं. लहानांसाठी होडी, मचवा, पडाव होतेच, म्हणून नवा शब्द वाफेच्या मोठ्या जहाजाला चिकटला: आगबोट. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, तीही ‘रामदास बोट’च. आणि बोट लागते ती मळमळ.

खाडीकाठ (देवगड)
सगळ्यांचे आभार. नोंद अशी बदलतो: “बोट (स्त्री.), इंग्रजीतून. जर्मॅनिक भाषांतली आजची रूपं बहुतेक जुन्या इंग्रजी ‘बाट’वरून उसनी. ‘बतेला’ त्याच शब्दाची आधीची फेरी, फ्रेंच–पोर्तुगीजमार्गे.” आइसलँडिकही उसन्यात धरू ना?

दर्यावर्दी
हो, तीही नॉर्स ‘बाट्र’चीच पुढची पिढी. ‘बेइट’ तेवढं वेगळ्या ओळीत लिहा, ते उसनं नाही.