रिकर्जनला (फंक्शननं काम संपायच्या आधीच स्वतःला पुन्हा बोलावणं) 'पुनरावृत्ती' म्हणायचं का?

परसोडीच्या आयटी पार्कात काम करतो, नवीन पोरांना मराठीतून कोड समजवताना शब्दावर गाडी अडते. परवा जावात एकानं पॅरेंट क्लासच्या (बाप साच्याच्या) फील्डमधेच, म्हणजे आतल्या व्हेरिएबलमधेच, 'न्यू चाइल्ड' (त्याच्याच पोर-क्लासचं नवं ऑब्जेक्ट) लिहून ठेवलं अन प्रोग्राम स्टॅक ओव्हरफ्लो (अर्धवट कॉल ठेवायची जागा संपल्याचा एरर) देऊन पडला. मी म्हटलं कन्स्ट्रक्टरची (ऑब्जेक्ट बांधणाऱ्या कोडची) पुनरावृत्ती होऊन राहिली, तर पोरगं म्हणे सर पुनरावृत्ती तर लूपमधे पण होते. बरोबरच होतं त्याचं. तुम्ही काय म्हणता याला?

— पुनरावर्तन म्हणा नं भाऊ. आवर्तन तबल्यात आहे, कालव्याच्या पाण्याचं पण आहे.

— दादा तिथंच तर घोळ आहे. तबल्याचं आवर्तन समेवर येते, मग दुसरं सुरू. इथं पहिलं संपतच नाही. चाइल्ड बनवायचा तर आधी सुपर (बापाचा कन्स्ट्रक्टर) चालते, तो पॅरेंटची फील्डं भरते, फील्डात पुन्हा नवा चाइल्ड, त्याला पुन्हा आधी पॅरेंट... बाप म्हणते पोरगा आणा, पोरगा म्हणते आधी बाप उभा करा, अन दर खेपेला बापही नवा पोरगाही नवा, सगळे अर्धवट बांधलेले एकावर एक. हा फेरा नाही, चळत आहे. अन कन्स्ट्रक्टरनं 'धिस' लावून सरळ स्वतःलाच बोलावलं तर जावाचा कंपायलर पकडते, हे आडून आलेलं नाही पकडत. पॅरेंटला चाइल्ड पाहिजेच असंन तर बांधून झाल्यावर बाहेरून द्या.

— पायथनवाले पण फसतात. सुपरमधे क्लासचं नाव लिहायचा कंटाळा म्हणून 'सेल्फचा क्लास' टाकतात (सेल्फ म्हणजे जे ऑब्जेक्ट बनून राहिलं ते). दोन पिढ्या आरामात चालते, नातू बनवला की मेलं! कारण बापाच्या कन्स्ट्रक्टरमधे पण सेल्फ म्हणजे नातूच, त्याच्या वरचा कोण विचारलं की उत्तर पुन्हा बापच, आजोबापर्यंत गाडी जातच नाही. एकात एक किती कॉल चालतील याची पायथनची मुळातली लिमिट 1000 च्या आसपास असते, तिथं एरर. पायथन 3 मधे सुपरचा कंस रिकामा ठेवा, झंझट नाही.

— थोडं विषय सोडून, पण इनहेरिटन्सला (चाइल्ड क्लासनं पॅरेंटचं घेणं) 'वारसा' शब्द मले पटत नाही. वारसा बाप गेल्यावर मिळते, इथं तर बाप आधी उभा राहायला पाहिजे. 'वंश' बरा.

— ते राहू द्या ताई, वारसा आता रुळला. पुनरावर्तन लिहिताना ठेवतो अन बोलताना 'चळत लागली' म्हणतो. आज म्हणून पाहिलं, तर एकानं विचारलं, चळत म्हणजे थप्पी का सर? हाव बाबा, थप्पी.