रविवारी गाड्या कमी, ओझोन जास्त! मग नायट्रोजनच्या मागे लागायचं कशाला?

निवांत_भट्टी (धागाकर्ता)
लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी डिझेलचे ट्रक कमी धावायचे, हवेतली नायट्रोजन ऑक्साइडं घटायची आणि जमिनीलगतचा ओझोन (धुरक्यातला, श्वासाला घातक) मात्र वाढायचा. २०२०च्या टाळेबंदीत कितीतरी शहरांत तेच दिसलं. कारण साधं आहे: धुरातून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो. खाणाराच हटवला की ओझोन मोकाट. नायट्रोजन ऑक्साइडांवरचे (पुढे नुसतं 'नायट्रोजन' म्हणतो) कडक नियम म्हणजे अर्धवट रसायनशास्त्र, असं माझं स्पष्ट मत.

परीक्षानळी
असहमत. अर्धवट तुमचं गणित आहे. ओझोन येतो कुठून ते गाळलंत की! नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की एक ऑक्सिजन अणू सुटतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, झाला ओझोन. खाणारा आणि जन्माला घालणारा एकाच घरातले. हे दोघंच असते तर जेवढा तयार तेवढा खलास. गडबड करतात पेट्रोल आणि थिनरच्या वाफा. हायड्रॉक्सिल मूलक (हवेतला अस्थिर, झटपट अभिक्रिया करणारा कण) त्यांच्यावर तुटून पडतो, त्यातून पेरॉक्सी मूलक नावाचे तसेच कण तयार होतात, आणि ते नायट्रिक ऑक्साइडचा परत डायऑक्साइड करतात, तेही ओझोनला हात न लावता. शिल्लक साठते ती अशी.

निवांत_भट्टी
मग वाफाच आवरा ना! शिवाय डायऑक्साइड भरपूर असला की तो हायड्रॉक्सिललाच पकडून नायट्रिक आम्ल बनतो, साखळी थंडावते. हे सोयीस्कर विसरलात.

जुना_टायर
थोडं अवांतर. १९४३ साली लॉस एंजेलिसमध्ये धुरकं इतकं दाटलं की लोकांनी खापर कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर फोडलं. पण तो थांबल्यावरही डोळे चुरचुरायचे थांबेनात. पुढे आरी हागेन-स्मिट या अननसाच्या वासावर काम केलेल्या रसायनशास्त्रज्ञाने ओझोन ओळखला, आणि मोजायला वापरलं काय, तर रबरच! पट्टी सरळ ठेवली तर फारसं काही होत नाही. वाकवून ठेवली की ताणलेल्या बाजूवर बारीक भेगा उमटतात, कारण ओझोन रबरातले दुहेरी बंध तोडतो. भेगा किती लवकर पडल्या यावरून ओझोनचा अंदाज. आरोपीच्या घरचाच साक्षीदार.

पानगळ
@निवांत_भट्टी, झाडांच्या वाफा कशा आवरणार? ओकसारखी झाडं उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात, आणि तो पेट्रोलच्या बऱ्याच वाफांपेक्षा चटकन अभिक्रिया करतो. झाडी दाट असेल तिथे वाफा कधीच कमी पडत नाहीत, मग हातात उरतो फक्त नायट्रोजन. अमेरिकेतल्या अटलांटा शहराबद्दल हे १९८८ मध्येच मांडलं गेलंय.

परीक्षानळी
+१. आणि रविवारचा आकडा शहराच्या मध्यावरचा. वारा तीच हवा पुढे नेतो, वाटेत नायट्रिक ऑक्साइड संपतो आणि दुपारी ओझोन लांबच्या गावात चढतो. नायट्रोजन थोडा घटवला तर ओझोन आधी वाढतो, बराच घटवला तर उतरतो. तुम्ही चढावरच थांबून 'रस्ता चुकला' म्हणताय.

निवांत_भट्टी
झाडांचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण चढावर राहणाऱ्यांनी तोवर काय करायचं? अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून गाड्यांना धूर साफ करणारे जे उत्प्रेरक बसले, तेही आधी इंधनाच्या वाफा आणि कार्बन मोनॉक्साइडच जाळत होते. उत्प्रेरकात नायट्रोजनची सोय नंतर आली. म्हणजे क्रम माझाच होता की!