मदत हवी आहे : मेपल सिरपसाठी घरी चुलवाण बांधतेय, मागचा ट्रे उकळतच नाही

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे गुऱ्हाळावर वाढलेले लोक पण आहेत आणि अमेरिका-कॅनडात राहणारे पण, म्हणून इथेच विचारते. आम्ही ओंटारियोत लॅनार्क काउंटीत राहतो. घरामागे शुगर मेपलची सात जुनी झाडं आहेत, गेल्या मार्चमध्ये पहिल्यांदाच त्यांच्या खोडांना रस काढायच्या नळ्या लावल्या. शेजारच्या आजोबांनी शिकवलं, ५/१६ इंची ड्रिल, दीड-दोन इंच खोल, भोक किंचित वर चढतं पाडायचं म्हणजे रस आपोआप बाहेर उतरतो. रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर गेलं की टपटप सुरू. सगळ्या मिळून बारा नळ्या.

रस दिसायला निव्वळ पाणी. साखर जेमतेम २ टक्के. आपल्या उसाच्या रसात १८-२० टक्के असते, म्हणजे मामांच्या गुऱ्हाळात काहिलीत (रस आटवायची मोठी कढई) जेवढं पाणी आटवायला लागायचं त्याच्या कितीतरी पट इथे आटवायचं. साधारण ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप होतं, बाकी ३९ लिटर वाफ करून घालवायची, त्यामुळे घरात गॅसवर करायची सोयच नाही, भिंती ओल्या होतात. आणि रस ठेवून पण चालत नाही, दुधासारखा नासतो, बादल्या बर्फात पुरून ठेवल्या तरी चार-पाच दिवसांत आटवायलाच लागतो.

म्हणून अंगणात सिमेंटचे ब्लॉक रचून चूल केली, वर केटरिंगवाल्यांचे स्टीलचे चौकोनी ट्रे असतात ना ते तीन एकापाठोपाठ ठेवले, मागे ४ फुटी पाइप धुराडं म्हणून लावला. आणि इथेच सगळं अडलं. पुढचा ट्रे खदखदतोय, मधला जेमतेम, आणि मागच्यात बोट बुडवता येईल एवढाच गरम. खाली वाकून बघितलं तर जाळ तळातून सरळ मागे जाऊन पाइपात शिरत होता, मागच्या ट्रेला शिवतच नव्हता. तासाला ८ लिटर पण आटत नव्हतं. सकाळी सहाला पेटवलेली चूल रात्री दहापर्यंत, मुलं डब्यातलं जेवण अंगणातच जेवली. त्यात मी सरपण आणायला शेडमध्ये गेले, दहा मिनिटं पण झाली नसतील, तेवढ्यात पुढच्या ट्रेमधली पातळी अर्ध्या इंचाखाली गेली आणि करपलं. दोन दिवसांचा रस. तो जळका वास मला अजून आठवतो, खूप वाईट वाटलं, झाडांनी एवढं दिलं आणि मी घालवलं. शेवटी ब्लॉक पण तडकले.

तर यंदा २०० लिटरचा लोखंडी ड्रम मिळालाय, आधी त्यात फळांच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट होता. तो आडवा ठेवून वरून कापायचा, पुढे दार, मागे ६ इंची पाइप आणि वर एकच स्टेनलेसचा सपाट पॅन, साधारण २२ बाय ३३ इंच, असा विचार आहे. वेल्डिंग शेजारचे आजोबा करून देतील. माझं अडलंय ते असं की जाळ मागपर्यंत पॅनला चाटत जावा म्हणून आतून काय करायचं? धुराडं किती उंच? मामांच्या चुलवाणात चिपाडं (रस काढून वाळवलेला ऊस) टाकली की काहिलीचा अख्खा तळ तापायचा, ते नक्की कसं बांधलेलं असतं हे मी लहानपणी कधी नीट बघितलंच नाही, आणि आता विचारायला मामा नाहीत. आणि फेसाचं काय करता? इथे लोणी टाकतात म्हणे.

प्रतिसाद १

ताई, आम्ही व्हर्मॉंटला आहोत, चार सीझन झाले ड्रमवरच करतोय. तुमची चूल मागे रिकामी खोल राहिली असणार, त्यात सगळी गोची आहे. जाळीवर लाकूड ठेवा, जाळीखालून हवा यायला पाहिजे, आणि जाळी संपते तिथून मागे विटा आणि वाळूचा चढ करा, तो चढत चढत पॅनच्या तळाखाली दोनेक इंचांवर आणायचा. मग जाळाला दुसरी वाटच उरत नाही, पॅनला घासूनच जावं लागतं. धुराडं पॅनच्या लांबीच्या दुप्पट तरी हवं, तुमचा ३३ इंची म्हणजे कमीत कमी साडेपाच-सहा फूट, ४ फुटांत ओढ मिळत नाही. जळणाच्या बाजूने आतून फायरब्रिक (भट्टीची वीट) लावाच, नाहीतर ड्रमचा पत्रा लवकर जळतो. लाकूड मनगटाएवढं फोडलेलं आणि खडखडीत वाळलेलं, दर सात-आठ मिनिटांनी थोडं थोडं, मोठे ओंडके नकोत.

ढोबळ हिशोब म्हणजे सपाट पॅनला एका चौरस फुटामागे तासाला पावणेचार लिटर, तुमचा पॅन ५ चौरस फूट, नीट जमलं तर १५ ते १९ लिटर जायला हरकत नाही. पातळी दीड-दोन इंच ठेवा, इंचाखाली कधीच नाही. थंड रस एकदम ओतला की उकळी मोडते, बाजूला टोपात गरम करून बारीक धारेने सोडत राहा. आणि महत्त्वाचं, ड्रमला आतून कोटिंग असतं, पॅन ठेवायच्या आधी एक-दोनदा मोकळ्यावर जोरात जाळ करून ते जाळून टाका आणि त्या धुरात उभं राहू नका. गॅल्वनाइज्ड पत्रा किंवा जुनी शिशाच्या डागाची भांडी अजिबात नकोत.

प्रतिसाद २

आमचं गुऱ्हाळ होतं पन्हाळ्याच्या बाजूला. वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर. चुलवाण जमिनीत खड्ड्यात असतं, तोंडाला चिपाडं, मागं धुराडं, मधी काहील, जाळ काहिलीखालनं गेल्याशिवाय धुराड्यात पोचतच नाही. ताई, तुमच्या चुलीला खाली मोकळी वाट सापडली म्हणून तसं झालं. फेसाला आमच्याकडं तेलाचे दोन-चार थेंब टाकायचे. भेंडीचं पाणी मळी वर आणायला असतं, फेसाला नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचे खूप आभार, आता डोळ्यासमोर आलं. पन्हाळ्याचे दादा, तुम्ही काहिलीखालची वाट सांगितलीत आणि मामा दाराशी बसून चिपाडं सारायचे ते एकदम आठवलं. आणि सिरप म्हणजे चवीला वेगळं असलं तरी आपल्या काकवीचंच भावंड, गूळ व्हायच्या आधी थांबायचं. मी पाण्याच्या उकळीपेक्षा ४ अंश सेल्सियस वर गेलं की उतरवते, पण हवेचा दाब रोज बदलतो म्हणून त्या दिवशी आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघून घेते.

ड्रम शनिवारी जाळून घेतो. एकच राहिलं, शेवटचं सिरप मोठ्या पॅनमध्येच पूर्ण करता की थोडं आधी काढून छोट्या पातेल्यात गॅसवर? मागच्या वेळच्या करपण्यामुळे मला दुसरं बरं वाटतंय, पण गाळायला ते गरमच हवं, त्यात बारीक वाळूसारखा गाळ असतो आणि थंड झालं की सिरप फेल्टच्या (जाड लोकरी कापडाच्या) गाळणीतून उतरत नाही. तुम्ही कसं करता?