प्रमाणपत्र आहे, पण पुढचं काय?
आपण काय शिकलो याची स्वतःची नोंद ठेवा म्हटलं की लोक विचारतात, डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये सगळी प्रमाणपत्रं असताना वेगळी नोंद कशाला? २०१५ पासूनची ती सोय मोलाचीच. २०२१ मध्ये आलेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे उच्च शिक्षणातल्या क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्यात, तर शिक्षण मध्येच सुटलं तरी क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक) जास्तीत जास्त ७ वर्षं जमा राहतात. पण तिथे मिळवलेलं दिसतं, अडलेलं नाही. माझ्या वहिनी परळला प्रयोगशाळेत काम करतात, ४२व्या वर्षी पुन्हा शिकायला लागल्या. डोंबिवली लोकलमध्ये बसायला मिळालं की मोबाईलवर तीन ओळी लिहितात: काय जमलं, कुठे अडलं, कोणाला विचारायचं. (नाव लिहिलं की विचारलं जातंच, म्हणतात.) त्यावरूनच पुढचा कोर्स ठरतो. आणि ही फाईल स्वतःच्या ईमेलवरही ठेवा. माझ्या ८ वर्षांच्या नोंदी नोकरी सोडताना कंपनीच्या पोर्टलवरच राहिल्या.