८०० मीटरची वेळ अडली, मुलगी गप्प झाली. घरच्यांनी काय करायचं?

सांजवारा: मुलगी १४ वर्षांची, ८०० मीटर धावते. वर्षभरात उंची वाढली, पाळी सुरू झाली आणि वेळ पाच-सहा सेकंदांनी मागे गेली. आता स्पर्धेच्या सकाळी पोटात दुखतं, एरवी जेवायला बसलं की "भूक नाही". सर म्हणतात, मन खंबीर कर, थोडं वजन उतरव. सरळ समुपदेशकाकडे न्यावं का?

मैदानकाठ: आधी शरीर बघा. या वयात हाडं लांबतात, कंबर रुंदावते, धावण्याची ढब बदलते. वेळ काही महिने अडणं नवल नाही. हे तिला कुणी सांगत नाही, म्हणून ती स्वतःलाच बोल लावते. त्यात वजन उतरवायला लावलं की खाणं सरावाला पुरत नाही आणि शरीर काटकसर सुरू करतं. पाळी लांबते, झोप उडते, चिडचिड वाढते. याला रेड-एस म्हणतात. हे नाव आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये दिलं. लांबून बघणाऱ्याला ते 'मनाने कच्ची' असंच दिसतं.

पाळीच्या तारखा तिने तिच्या वहीत लिहाव्यात. सुरुवातीला मागेपुढे होतंच, पण सलग तीन महिने आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. रक्त तपासताना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत. नडगीवर एकाच जागी बोट दाबलं की कळ येत असेल तर धावणं त्या दिवसापासून बंद, हाडांच्या डॉक्टरकडे जा.

दुसरा_डबा: साडेपाचचं मैदान उपाशीपोटी होत असेल तर तिथंच चुकतंय. निघताना एक केळं किंवा दोन-तीन खजूर. सराव संपल्यावर अर्ध्या तासात दोन उकडलेली अंडी आणि पोळी, नाहीतर शेंगदाण्याची चिक्की आणि दूध. मधल्या सुट्टीपर्यंत थांबवू नका. जेवणाला लागून चहा नको, लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळा. वजनकाटा माळ्यावर टाका.

झोप ८ ते १० तास हवी. पाचला उठायचं तर नऊला दिवा बंद. रात्रीचा क्लास असेल तर आठवड्यातले दोन सकाळचे सराव सोडा. सर रागावतील, रागावू देत.

मागची_सीट: शेवटच्या दोनशेला काय झालं, ही चौकशी बहुतेक घरी स्कूटरवरच सुरू होते. मागे बसलेली पोर उतरून जाऊ शकत नाही. त्या वेळी एकच प्रश्न: "काय खायचं?" बाकीचं तिने काढलं तरच, तेही दुसऱ्या दिवशी. तिला विचारल्याशिवाय शर्यतीचा व्हिडिओ स्टेटसला टाकू नका.

पोटदुखीला नाटक म्हणू नका. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. पण हे दोन आठवडे आधीपासून घरी रोज करायचं. ऐन स्टार्टला शिकवलं तर ती जास्तच बिथरते. आणि लक्ष्य वेळेचं देऊ नका. "पहिल्या वळणानंतर लेन सुटली की आत घुसायची घाई नको", असं तिच्या हातातलं काहीतरी द्या.

खोपा: पाळीचा डाग पडायची धास्ती कुणी मोजतच नाही. टेनिसच्या विम्बल्डन स्पर्धेनेही २०२३ पासून पांढऱ्या स्कर्टखाली गडद शॉर्ट्स चालवून घेतल्या. मग तालुक्याच्या मैदानावर पांढऱ्याचा हट्ट कशाला? स्पोर्ट्स ब्रा घेताना दुकानात दहा उड्या मारून बघायला सांगा, सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्या. मैदानावर स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या दिवशी बघा. नसेल तर मुली पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं.

मैदानकाठ: सरांशी सरावाची वेळ सोडून, एकटं बसून बोला: वजनाचं जे असेल ते आम्हाला सांगा, तिला नको. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच. ऐकत नसतील तर मैदान बदला. नकोसा स्पर्श किंवा रात्रीचे मेसेज असं काही ती बोलली तर मध्ये न तोडता ऐका आणि मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर लावा. ते पोक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, येऊ शकतं.

समुपदेशकाचं म्हणाल, तर दोन आठवडे सलग उदास, मैत्रिणी तुटलेल्या, जेवण लपवणं, खाऊन उलटी काढणं, मनगटावर खुणा, यातलं एकही दिसलं तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघू नका. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत, फुकट, रात्रीही. "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सांजवारा: उद्याच तपासणी करते. फेरिटिनला उपाशी जावं लागतं का?

मैदानकाठ: सहसा नाही. फक्त ताप-सर्दी असेल तर बरी झाल्यावर न्या, आजारपणात आकडा उगाच फुगतो.